एका डोळ्याला दिसलेली बाही

गोदामात सगळे तिला धाकटी म्हणत, कारण मावशी तिला तसं म्हणायची. मावशी तिथं बावीस वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवत होती. आईमागे तिनंच भाचीला वाढवलं, शिकवलं. आणि शिकून ती भाची त्याच गोदामात, वरच्या काचेच्या खोलीत, चालकाविना चालणाऱ्या गाडीचा प्रोग्रॅम लिहायला आली.

खोकी उचलून नेणाऱ्या त्या गाडीला दोन कॅमेरे होते, माणसाच्या डोळ्यांसारखे शेजारी शेजारी. एकच वस्तू दोन्ही चित्रांत किती सरकलेली दिसते, त्यावरून गाडी अंतर काढायची. घोळ होता तो खोक्यांच्या थप्पीच्या कडेला. तिथं एक पट्टी अशी राहायची, जी डाव्या डोळ्याला दिसायची आणि उजव्याला थप्पीआड जायची. जुळवायला जोडीदारच नाही, तर अंतर काढणार कसं? धाकटीनं आधी अशा पट्टीवर ‘माहीत नाही’ असा शिक्का मारायची सोय केली होती. शिक्का दिसला की गाडी थांबायची.

आणि ती दर वळणावर थांबायची. ही गाडी आहे की लाजाळूचं झाड, असं मॅनेजरनी भर मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळे हसले. धाकटीही हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात तिनं त्या पट्ट्या बुजवून टाकल्या. मागं जे दिसत असेल, बहुतेक वेळा भिंतच, त्याचंच अंतर पट्टीला देऊन टाकायचं. चित्र कसं स्वच्छ दिसू लागलं, गाडी सुळकन धावू लागली आणि मॅनेजरनी तिची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी दुपारी ती आदल्या दिवसाची चित्रं सहज चाळत होती. डाव्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात थप्पीच्या कडेला निळं काहीतरी दिसलं. तिनं ते मोठं केलं. बाही होती. कोपरावर पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेली, आणि ते रफू रविवारी तिनंच केलं होतं. अंतराच्या चित्रात मात्र त्या जागी कोरी भिंत होती. गाडी त्या बाहीला वीतभर चुकवून गेली होती. मावशी घरी काहीच बोलली नव्हती; तिला कळलंच नसणार.

धाकटीनं झटकन वर पाहिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आत्ताची गाडी दिसत होती, नुकतीच सातव्या गल्लीत वळलेली. दुपारची मावशी सातव्या गल्लीतच बसायची. तिचा फोन कपाटात असायचा, आणि गाडी थांबवायचं एकमेव लाल बटण गल्लीच्या तोंडाशी.

जिना कशी उतरली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. हाक मारावी तर वेगळीच धास्ती: हाकेसरशी मावशी उठून वाटेत आली तर? ओठ घट्ट मिटून ती धावली आणि दोन्ही तळव्यांनी बटण दाबलं. गाडी गचका देऊन थांबली. पुढं जाऊन थप्पीमागं डोकावायला तिला धीर होईना. शेवटी थप्पीला धरून तिनं मान पुढं केली.

मावशी स्टुलावर पाठमोरी बसली होती. गाडीचे खोकी उचलायचे लोखंडी सुळे तिच्या पाठीपासून हातभर अंतरावर होते.

"अगं, अशी धावतेस काय? पडशील ना." मावशी न वळताच म्हणाली.

"मावशी, तू आधी ऊठ तिथून."

"एवढी दोन लेबलं—"

"ऊठ म्हणते ना!"

मावशीनं मागं वळून पाहिलं. हातातली लेबलं खाली पडली. तिनं भाचीचा दंड घट्ट धरला. नखं रुतली तरी सोडला नाही.

मॅनेजर म्हणाले, काही झालं तर नाही ना, मग उगाच बोभाटा नको. धाकटीनं ऐकलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना जमवून तिनं दोन्ही चित्रं दाखवली आणि भिंत कुणी घातली तेही सांगितलं. माल बांधणारा म्हातारा म्हणाला, "म्हणजे तुला माहीत नव्हतं, तरी तू भिंत लिहिलीस?"

"हो," ती म्हणाली. तिला मान वर करवेना.

शिक्का परत आला. आता तो दिसला की तिथं माणूस आहे असंच गाडी धरून चालते. थांबते, हळूच बाजूला सरकते, आणि दोन्ही डोळ्यांना दिसेपर्यंत पुढं जात नाही. काम मंदावलं, मॅनेजर कुरकुरतात.

दोन दिवस घरी राहून तिसऱ्या दिवशी मावशी कामावर आली. गल्लीत शिरण्याआधी तिनं हळूच विचारलं, "आता मी दिसते ना गं तिला?"

"दिसतेस. आणि नाही दिसलीस तर ती थांबेल."

मावशीनं मान डोलावली. मग स्टूल उचललं आणि गल्लीबाहेर, उजेडात नेऊन ठेवलं.