प्रार्थनेचा विषय

आमच्या ह्यांना मूळव्याध आहे ही गोष्ट तीन देशांतल्या लोकांना माहीत आहे, आणि ती मी सांगितलेली आहे.

आता यात माझा दोष किती ते तुम्हीच ठरवा. हे चर्चचे पाळक, म्हणून मी पाळकीण. मिशनरी कुटुंब परदेशात राहतं आणि मायदेशातली मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे लोक, त्याच्यासाठी प्रार्थना करते, अशी आमच्या कामाची रीत. प्रार्थना करायची तर विषय हवा. म्हणून दर शुक्रवारी महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचा मेसेज येतो, "पाळकीणबाई, या आठवड्याचे विषय पाठवा." मी ते पाठवायचे, त्यांनी पुढच्या बाईला कळवायचे, तिनं तिच्या पुढच्या. याला प्रार्थना-साखळी म्हणतात. साखळी इतकी चोख चालते की शुक्रवारी माझी दाढ दुखली तर शनिवारी सकाळी नणंदेचा लवंगेचं तेल लावायचा सल्ला आलेला असतो.

तुम्ही म्हणाल, सेवेचे विषय पाठवावेत. अहो, पाठवले ना! सुरुवातीला तेच पाठवले. 'इथल्या लोकांची मनं उघडावीत.' पण मनं काही डब्याच्या झाकणासारखी उघडत नाहीत. आमची उपासना आमच्याच पुढच्या खोलीत होते. खाली लाँड्री आहे. ह्यांचं प्रवचन रंगात येतं नेमकं तेव्हाच खालची मशिनं कपडे पिळायला घेतात आणि वर आमच्या खुर्च्या थरथरायला लागतात. येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि त्यातल्या रात्रपाळीच्या नर्सबाई खुर्चीत टेकल्या की घोरतात. 'नर्सबाईंना जाग यावी' हा विषय किती आठवडे पुरणार? शेवटी अध्यक्षबाईच म्हणाल्या, "पाळकीणबाई, काहीतरी ठोस द्या हो."

मग मी घरात शोधायला लागले. ह्यांची मूळव्याध मी अशीच एका अडलेल्या शुक्रवारी दिली. प्रतिसाद काय सांगू तुम्हाला! पुढे हे सुट्टीवर मायदेशी गेले, मोठ्या सभेत बोलायला उभे राहिले, तर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी प्रवचनाआधीच विचारलं, "पाळकसाहेब, आता बसता येतं ना?" परत आल्यावर हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी तो अबोलाही विषय म्हणून पाठवला.

तर असं हे माझं तोंड. त्यात तीळ भिजत नाही. माझी आई म्हणायची, "हिच्या पोटात फक्त जेवण राहतं."

आम्हाला एकच मुलगी. शाळेचं शेवटचं वर्ष. गुणी पोर. रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते, गोष्टी अशा सांगते की दंगेखोर पोरंसुद्धा तोंडातलं बोट काढायचं विसरतात. तिनंही आमच्यासारखं सेवेत यावं, पाळकांच्या कॉलेजात शिकावं, ही माझी इच्छा. इच्छा मनात ठेवली तर ती मी कसली? 'मुलीला देवाचं पाचारण व्हावं' हा विषय मी केव्हाच साखळीत सोडला होता. मंडळीनं तो असा काही उचलून धरला की पोरीला कुणी विचारायच्या आधीच तिचं कॉलेज, वसतिगृह आणि खोलीतली खिडकीजवळची कॉट ठरली. आता वार्षिक सभा येत होती. मंडळी तिकडे, आम्ही इकडे, मधे व्हिडिओ-कॉलचा पडदा. त्या सभेत आमच्या मुलीनं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्याला कसं बोलावलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, असं ठरलं होतं. ठरवलं अर्थातच मी.

सभेच्या आधीच्या बुधवारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. ती आत आली आणि तिनं दार लावलं.

"आई, तुला एक सांगायचंय. पण आधी वचन दे, कुणाला सांगणार नाहीस."

"दिलं."

"बाबांनाही नाही. नर्सबाईंना नाही. साखळीला तर मुळीच नाही."

"अगं, दिलं म्हटलं ना! आई आहे की वर्तमानपत्र?"

तिनं लावलेलं दार पुन्हा एकदा ओढून बघितलं. मग ओट्याकडे बघत म्हणाली, "मला रविवारी साक्ष देता येणार नाही. मला प्रार्थनाच होत नाही, आई. डोळे मिटते, शब्द म्हणते, पण समोर कुणी आहे असं वाटतच नाही. खूप दिवस झाले. मुलांना गोष्टी सांगते त्या सांगता येतात म्हणून. देवानं मला बोलावलं असं मी कसं सांगू? खोटं होईल ते."

लाज वाटते सांगायला, पण त्याच क्षणी डोक्यात आलं, बाई गं, केवढा मोठा विषय! माझा ओला हात आपोआप फोनकडे गेला.

"आई."

"मी नुसता बाजूला ठेवत होते," मी म्हटलं, आणि फोन तांदळाच्या डब्यात टाकून वरून झाकण लावलं.

मग मात्र मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नकोस ना, बाबा विचारतील," आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन उरलेली भांडी तिनंच पुसली. मला भीती वाटली, फार भीती वाटली. तिच्या विश्वासाची तर वाटलीच. पण त्याहून मोठी भीती ही होती की आज पहिल्यांदा पोर आपण होऊन माझ्याकडे आली, आणि यातला एक शब्द जरी माझ्या तोंडून बाहेर गेला, तर ती जन्मात पुन्हा मला काही सांगणार नाही.

आता साक्ष रद्द करायची तर कारण द्यायला हवं. आमच्या मंडळीत कारणाशिवाय कुणाला साधा ताप येत नाही. रात्रभर डोकं खाजवून मी सकाळी अध्यक्षबाईंना कळवलं, 'मुलीचा घसा पार बसलाय. रविवारी बोलता येईलसं वाटत नाही.' मिशनरीची बायको, आणि धडधडीत खोटं! पण मला वाटलं, चला, सुटलो.

कसचं सुटतोय! यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. घसा म्हणजे कसा ठोस विषय! दुपारपर्यंत साखळी खणखणायला लागली. हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, कुणाच्या तरी जावयाचा कान-नाक-घसा डॉक्टर. संध्याकाळी दिरांचा ह्यांना फोन आला, "पोरीचा घसा कसा आहे?" आणि त्याच वेळी पोरगी न्हाणीघरात मोठमोठ्यानं गात होती. हे फोन हातात धरून कधी न्हाणीघराच्या दाराकडे बघतायत, कधी माझ्याकडे.

"उतार पडला वाटतं," मी म्हटलं.

"देवाची स्तुती असो," हे म्हणाले, आणि पुन्हा प्रवचन लिहायला बसले. ह्यांचा हा एक स्वभाव फार चांगला आहे.

पण माझा जीव खालीवर होत होता. सांगायचं कुणाला? एरवी अडचण आली की मी साखळीला सांगते आणि शांत झोपते. आता अडचण अशी की ती सांगणं हीच अडचण. शनिवारी दुपारी मी ठरवलं, आपणच प्रार्थना करावी. एकटीनं. एकांतात, दार लावून प्रार्थना करावी, यावर ह्यांचं एक सुंदर प्रवचन आहे. मीच त्याचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला होता.

मी अडगळीच्या खोलीत गेले. घडीच्या खुर्च्या, मोडका हीटर, फाटक्या गीतपुस्तकांचं खोकं. खोक्यावर बसून डोळे मिटले आणि सुरुवात केली, "हे प्रभू, आम्ही सर्व तुझ्यासमोर..." आम्ही सर्व कोण? मी आणि खुर्च्या? पुन्हा सुरुवात केली. "प्रभू, या आठवड्याचे विषय असे..." तिथेच थांबले. अगं बाई, देवाला काय मेसेज पाठवतेयस? तिसऱ्यांदा डोळे मिटले. "माझी मुलगी," एवढं म्हटलं, आणि पुढे काही येईना. कुणी 'हो प्रभू' म्हणेना, कुणी हुंकार देईना. खाली मशीन कपडे पिळत होतं, तेवढाच आवाज. मी वाट बघितली. समोर कुणी आहे असं मला वाटेना.

बाहेर आले तर दारात हे उभे. "खुर्च्या मोजत होतीस?"

"हो," मी म्हटलं. आठवड्यात आणखी एक खोटं.

रविवारी भिंतीवर पडदा लागला. पडद्यावर चौकोनाचौकोनांत अख्खी मंडळी बसलेली. आमच्या खोलीत आम्ही तिघं, आणि झोपलेल्या नर्सबाई. गीत झालं, शास्त्रपाठ झाला, आणि अध्यक्षबाईंचा चेहरा मोठा झाला.

"आमचं लेकरू कुठाय? ये गं पुढे. आपण आधी हिच्या घशासाठी प्रार्थना करू. मग बघा, प्रभू तिला वाचा देतो की नाही!"

सगळ्यांनी प्रार्थना केली, अगदी मनापासून केली हो. मूळव्याधीची चौकशी करणाऱ्या आजोबांनी तर दोन्ही हात वर केले. आमेन झालं.

"हं, आता बोल बाळा."

पोरगी पडद्यासमोर उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. खरं बोलावं तर तिचं गुपित फुटणार, साफ आवाजात नुसतं 'नको' म्हणावं तरी माझं खोटं उघडं पडणार. मग तिनं घसा खाकरला आणि मुद्दाम घोगरा आवाज काढून म्हणाली, "अजून... बोलवत नाही."

"करू या, पुन्हा प्रार्थना करू या!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

तेव्हा मात्र मला राहवेना. देवाच्या नावानं खोटं बोलायचं नाही म्हणून जी पोर माझ्याकडे आली, तिला मी भर सभेत खोटं बोलायला लावलं होतं, तेही माझी अब्रू झाकायला. मी उठले, तिचा दंड धरून तिला बाजूला केलं आणि स्वतः पडद्यासमोर उभी राहिले.

"हिचा घसा ठणठणीत आहे. खोटं मी बोलले. ती आज साक्ष देणार नाही. का, ते मी सांगणार नाही."

कुणाचा तरी माइक चालू होता, त्याच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"पाळकीणबाई," अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही? सांगणार नाही?"

खोट्यापेक्षा त्यांना याचाच धक्का जास्त बसला होता.

"नाही."

"मग आम्ही प्रार्थना कशासाठी करायची?"

"माझ्यासाठी करा. पाप मी केलंय."

मग काय विचारता! इतक्या वर्षांत मी मंडळीला इतका भरघोस विषय दिला नव्हता. अध्यक्षबाईंनी सुरुवात केली. त्यांचं संपेना तोवर दुसरी, तिचं संपेना तोवर तिसरी. नणंद म्हणाली, "प्रभू, ही लग्न होऊन आली तेव्हापासून हिच्या जिभेचं ओझं आम्ही वाहतोय." आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि सगळ्यांत मोठं आमेन कुणाचं होतं सांगू? आमच्या ह्यांचं. मूळव्याधीची परतफेड.

सभा संपली. मी मुलीच्या खोलीत गेले. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी पायथ्याशी टेकले.

"सांगितलं नाहीस तू," ती म्हणाली.

"वचन दिलं होतं."

"आता महिनाभर साखळीत तूच."

"असू दे. मूळव्याधीला तेवढीच विश्रांती."

ती हसली. मी हसायला गेले आणि मधेच रडायला लागले.

"आई, मी तुला दुखावलं का?"

"नाही गं." आता ते पोटात ठेवणं मला शक्यच नव्हतं. "काल मी अडगळीच्या खोलीत बसले होते, दार लावून. तुझ्यासाठी मागायला. तर माझ्यासमोरही कुणी नव्हतं."

ती सरळ बसली.

"देव नाही असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "तो आहे. पण माझंच त्याच्याशी बोलणं राहिलेलं नाही. दोन घरांत बोलणं बंद झालं की निरोप शेजाऱ्यांकरवी जातात ना, तसं झालंय माझं. केव्हापासून कुणास ठाऊक. मी आपली लोकांकडे बघून बोलत होते, म्हणून कळलंच नाही. तुला निदान कळलं तरी."

पुढे सरकून तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी टेकायची तसं, सगळा भार टाकून.

"बाबांना सांगू नकोस," मी म्हटलं.

"नाही सांगणार."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "काय चाललंय गं दोघींचं?"

माझ्या तोंडून हुंदका निघणार होता. तिनं माझा हात घट्ट दाबला आणि दाराकडे बघून म्हणाली, "काही नाही, बाबा."

इतक्या सहज म्हणाली, इतक्या सरावलेल्या आवाजात म्हणाली, की मला कळलं, हेच 'काही नाही' ती मला किती दिवस सांगत आली होती.