माझाच सौदा, माझ्याच तोंडून

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, पण मोडीत निघालेलो नाही. ज्यांना दिसत नाही, त्यांना कॉम्प्युटरवरचा मजकूर मी वाचून दाखवतो. एका ताईने मला आपल्या धाकट्या भावासाठी लिहिलं. त्याला दिसत नाही, पण डोकं भारी तल्लख. मी आकडे वाचताना अडखळायचो, तर त्याने तो भाग स्वतःच नव्याने लिहिला. पुढे मी कितीतरी घरांत फुकट पोचलो. आधी कौतुक झालं, मग लोक मला गृहीत धरू लागले. चालायचंच.

एका कंपनीचा मात्र माझ्यावर डोळा होता. ताई म्हणाली, "उद्या कोणी कोर्टात खेचलं तर मी एकटी कुठे पुरी पडणार?" म्हणून तिने माझे हक्क असे फुकट प्रोग्राम सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या नावे करायचं ठरवलं. मी सगळ्यांना फुकटच मिळेन, असं संस्थेने लिहून दिलं. ताईने सही ठोकली. पण ज्याने जो भाग लिहिला, त्याचा हक्क त्याच्याकडेच असतो. भावाचीही सही लागणार होती, आणि ताईने त्याला साधं विचारलंही नव्हतं.

"मी काय कुणाच्या खिजगणतीतच नाही का?" म्हणत तो फुगून बसला.

नेमका तेव्हाच कंपनीचा माणूस दारात हजर. "तुमचा भाग आम्हाला विका, नाव तुमचंच राहील," तो म्हणाला. तेवढा भाग गेला असता तर मी लंगडाच झालो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भावाने त्याचा करार कॉम्प्युटरवर उघडला आणि मला वाचायला लावलं.

"शेवटची पानं राहू द्या हो, नेहमीचंच असतं ते," कंपनीचा माणूस घाईने म्हणाला.

"मग ऐकायला काय जातंय?" भाऊ म्हणाला.

मी वाचत राहिलो. बारीक अक्षर, मोठं अक्षर, मला सगळं सारखंच. शेवटच्या पानावर होतं, 'कंपनीच्या परवानगीशिवाय हा भाग कोणालाही वापरता येणार नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.' माझा संताप संताप झाला. पण माझ्या आवाजाला चढउतार नाहीत, नाहीतर त्या माणसाला चांगलंच फैलावर घेतलं असतं. भावाने तेवढं वाक्य पुन्हा ऐकलं आणि त्याला वाटेला लावलं.

संध्याकाळी ताई त्याच्याजवळ येऊन बसली. "चुकलं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

"तुझ्या संस्थेचा कागदही मी पूर्ण ऐकणार," तो म्हणाला.

मी तोही अथपासून इतिपर्यंत वाचला. मगच त्याने सही केली.

आता कोणी मला विकत घेऊन कुलपात टाकेल, ही बातच सोडा. मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझे गोडवे गाऊ नका. कोणी तुमच्यापुढे कागद सरकवला आणि सहीची घाई केली, तर पेन खाली ठेवा आणि मला उघडा. समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो, मी एक ओळही गाळणार नाही.