निरोप्या धनी

दारावर सासऱ्यांनी लावलेली पाटी आहे: ‘या घराचा धनी ख्रिस्त’. सासरे गेले, पाटी राहिली, आणि त्या धन्याला आम्ही सासू-सुनांनी निरोप्या करून टाकलं.

म्हणजे असं, की एकमेकींशी आम्ही कामापुरतंच बोलायचो. बाकी सगळं जेवणाआधीच्या प्रार्थनेत. सासूबाई म्हणायच्या, “प्रभू, उशिरा घरी येणाऱ्यांना घड्याळ बघायची बुद्धी दे.” मग माझी पाळी. “प्रभू, खारट भाजीबद्दलही तुझे आभार.” नवरा घाईघाईने ‘आमेन’ म्हणून पाव मोडायचा. बस चालवतो तो. मागे कितीही भांडणं जुंपली तरी मान वळवायची नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलंय.

त्या संध्याकाळी मी ठरवूनच बसले होते. वेगळ्या घराची किल्ली पर्समध्ये होती. दोघांपुरतं, भाड्याचं घर. तोंडावर सांगणं जिवावर आलं होतं, म्हणून नेहमीच्याच वाटेने सांगणार होते: प्रभू, नवीन घर दिलंस, धन्यवाद. पर्स हाताशी असावी म्हणून खुर्चीही बदलली होती.

पण आधी सासूबाईंची पाळी.

“प्रभू,” त्या म्हणाल्या, “ही दोघं चाललीत, त्यांना सुखाने जाऊ दे. मला हल्ली चेहरे दिसत नाहीत. मिठाचाही अंदाज चुकतो. सूनबाईला मात्र यातलं काही सांगू नकोस. अडकून पडेल बिचारी.”

हा नवाच टोमणा, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी डोळे उघडले. त्यांचेही उघडेच होते, आणि त्या माझ्या रोजच्या खुर्चीकडे बघून बोलत होत्या. ती रिकामी होती.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर परक्या माणसांना विचारते, खालची ओळ दिसते का? घरात कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. आता माझी पाळी होती, आणि त्या धन्यासमोर ठरवलेलं वाक्य बोलायला जीभ वळेना.

“आई,” मी म्हटलं. त्या दचकून आवाजाकडे वळल्या. “उद्या माझ्याबरोबर दुकानात चला. डोळे तपासून घेऊ. आणि आम्ही घर घेतलं होतं, ते नको आता.” मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने लगेच होकारार्थी मान डोलावली.

“किल्ली आठवडाभर खुळखुळतेय तुझ्या पर्समध्ये,” त्या म्हणाल्या. “डोळे गेलेत, कान नाही. आणि चष्म्याने दिसायला लागलं, की मग जाशील?”

“मग भांडू. समोरासमोर.”

नवऱ्याने ‘आमेन’ म्हटलं. मी पहिला घास घेतला.

“आई, मीठ फार झालंय.”

“अगं, प्रभूला रोज सांगत होतीस,” त्या म्हणाल्या. “मला सांगायचंस की.”