फ्रिजवरचं पाईचं मशीन

“पंधरा दिवसांच्या मुक्कामाले कोणी चार किलोचं मशीन आणते का?”

भगवंतराव हे म्हणाले ते पेपरात तोंड घालून, पण सुभद्राबाईंच्या अगदी कानाशी. त्या खाली बसून पुरणयंत्र फिरवत होत्या आणि ते मागेच खुर्ची टाकून बसले होते. दोन महिन्यांत हे वाक्य त्यांनी पेपराला, चहाच्या कपाला, अंगणातल्या पेरूला आणि बायकोला कितीतरी वेळा ऐकवलं होतं. जिला ऐकवायचं, ती पोरगी मात्र राहून गेली होती.

“हळू बोला. न्हाणीतून बाहेर येईल आता.”

“मी काय वाईट बोललो? वजन सांगून राह्यलो.”

पोरगी म्हणजे अपूर्वा. बासरच्या कॉलेजात सहा वर्षं शिकली, हैदराबादेत नोकरीला लागली, लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली. जून लागता लागता एकटीच आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. एका बॅगेत कपडे. दुसऱ्या बॅगेत टॉवेलांमध्ये गुंडाळलेलं हे मशीन. काळं, गुळगुळीत, मिटलेल्या शिंपल्यासारखं. उघडलं की आत दोन खोल वाट्या.

सुभद्राबाईंना आधी ते आप्पेपात्र वाटलं. “दोनच आप्पे? येवढ्यात कोनाचं पोट भरते?” अपूर्वानं सांगितलं, आई, हे पाई करायचं मशीन. मैद्याची वाटी थापायची, आत सारण, वरून मैद्याचंच झाकण, मशीन मिटायचं, आठ मिनिटं. “म्हंजे बंद केलेली करंजीच,” सुभद्राबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांच्या मनात आलं, करंजी काय उघडी असते?

तर अशी पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात गुंतवळ. ती काही मशीनची नव्हती, मशीनवर निघत होती एवढंच. पंधरा दिवसांसाठी आलेली पोरगी एवढं धूड काऊन आणते? जावई रोज फोन करायचे ते हल्ली काऊन करत नाहीत? अन् हे तिला विचारायचं कसं? “कवा जाणार?” असं विचारलं की ते “जा” सारखंच ऐकू येते. माहेरी आलेल्या पोरीला आईनं तेवढं एक विचारू नये. विचारलं नाही तर रात्री झोप नाही. विचारलं अन् तिनं उद्या बॅगा भरल्या तर पुढच्या सगळ्या रात्री नाही.

मशीन मात्र फ्रिजवर बसून राहिलं, कारण त्याची पिन तिरपी. तीन चपट्या पट्ट्या, त्यातल्या दोन तिरप्या. गुडीहत्नूरच्या कुठल्याच बोर्डात ती जाईना. भगवंतराव म्हणाले, आदिलाबादेतून जोडपिन, म्हणजे अ‍ॅडाप्टर, आणतो. तहसिलीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. कोणतंही काम मिसलीला, म्हणजे फायलीला, लावून ठेवणं त्यांच्या हाडात. तीनदा आदिलाबादला गेले, तीनदा विसरले. मशीन चालू झालं नाही तोवर पोरगी पाहुणी, असा काहीतरी हिशेब ते मनात करतात, असं सुभद्राबाईंना वाटायचं. पण विचारलं त्यांनाही नाही.

आज नागपंचमी. अपूर्वा केस पुसत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, आज पाई करू या. तुझं पुरण घालून.”

“अव, आज तवा ठेवत नाईत पोरी. कापत नाईत, चिरत नाईत, तळत नाईत. आज दिंडं उकडायची.”

“पण हा तवा कुठंय?”

सुभद्राबाई गोंधळल्या. तापते तर हे तव्यासारखंच. पण तव्याला झाकण नसते. सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांच्या काळात हे नव्हतंच, त्या तरी काय सांगणार होत्या? त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

भगवंतरावांनी पेपर घडी केला. फैसला द्यायचा म्हटलं की ते आजही ताठ बसत. “तवा म्हंजे ज्याच्या बुडाले जाळ लागते तो. इथं जाळच नाही. सबब मनाई लागू होत नाही.”

“नागोबाले समजते का तुमचं सबब?”

“त्यानं हरकत घेतली तर पाहू.”

अपूर्वा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचे वरचे दात दिसले. सुभद्राबाईंनी लगेच मैद्याचा डबा ओढला. नागोबाची माफी संध्याकाळी मागता येईल.

अपूर्वानं बॅगेतून प्लॅस्टिकचं एक गोल कडं काढलं. लाटून यानं गोल कापायचे म्हणे.

“कापायचे? आज?”

“कणीक आहे आई, साप नाही.”

“कापणं ते कापणं.”

मग कडं बाजूला राहिलं. थंड तूप मैद्यात चोळून, पाण्याचा हबका मारून अपूर्वानं गोळा केला, आणि सुभद्राबाईंनी पुरीएवढे गोल हातानंच थापले. एक मोठा, एक लहान. खालचा अन् वरचा. थापता थापता त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “तिकडं लई करायचीस का हे?”

“दोनदा केलं.”

“दोनदाच? येवढं महागाचं आणून?”

“माझ्या तिथल्या पहिल्या पगाराचं होतं.” अपूर्वा खालचा गोल वाटीत बसवायची रीत दाखवत होती, बोटं काठावरून फिरत राहिली. “त्यांना घरात स्वयंपाकाचा वास चालत नसे. फोडणीचा तर नाहीच. मग ठेवून दिलं कपाटात.”

सुभद्राबाईंना पुढं काय विचारावं कळेना. ज्या घरात फोडणीचा वास चालत नाही, तिथं माणसं जेवतात काय? तीन वर्षं आपली पोरगी जेवली काय? फोनवर तर “सगळं छान” म्हणायची. त्या नुसत्या “असं का” म्हणाल्या आणि वाटीत गरजेपेक्षा जास्त पुरण भरलं.

तेवढ्यात भगवंतराव आतल्या खोलीतून आले. हाताच्या मुठीत काहीतरी होतं. “काल आणली,” ते खाली बघत म्हणाले. “जोडपिन. जाताना मशीनसंगं घेऊन जाता येते, मूळची पिन तशीच राह्यते.”

अपूर्वानं मशीन फ्रिजवरून उतरवलं, ओट्यावर ठेवलं, मागची वायर उलगडली आणि सरळ बोर्डात खोचली. लाल दिवा लागला.

भगवंतराव मुठीतल्या जोडपिनेकडं पाहत राहिले. “हे कसं चाललं?”

“परवा हायवेवरच्या मोटार-वाइंडिंगवाल्याकडं गेले होते. जुनी पिन कापून त्यानं आपली बसवून दिली.”

सुभद्राबाईंच्या मनात आधी आलं ते हेच की परवा कापली, म्हणजे आज नाही, चला, बरं झालं. मग त्या नव्या, पांढऱ्या, गोल काड्यांच्या पिनेकडं त्यांनी पुन्हा पाहिलं. ज्या वस्तूला परत न्यायचं, तिची पिन कोणी कापते का? कापली तर तिकडं गेल्यावर तिरप्या बोर्डात काय घालणार? विचार एवढा सोपा होता की त्यांना तो दोनदा करावा लागला. नवऱ्याकडं पाहिलं, तर तेही पिनेकडंच पाहत होते. मग त्यांनी जोडपिन हळूच सदऱ्याच्या खिशात सरकवली.

हिरवा दिवा लागला तेव्हा घरभर पुरणाचा, वेलदोड्याचा, भाजत्या तुपाचा वास सुटला होता. खिडकी उघडावी म्हणून सुभद्राबाई उठल्या, आणि पुन्हा बसल्या. राहू दे वास.

“काय व सुभद्राबाई, तळण काढलं का पंचमीचं?” दारातून कुसुमबाईंचा आवाज आला. शेजारच्याच, भाजीचा मळा त्यांचा, पण पिकायच्या त्या बातम्या. हातात लाह्यांची वाटी. आत येऊन त्यांनी मशीन पाहिलं, अपूर्वाला पाहिलं आणि पाटावर बसल्या.

“तळण नाही, भाजलेलं हाय,” भगवंतराव घाईनं म्हणाले. “तवा लागत नाही याले.”

दोन पाई ताटलीत आल्या. वरून बदामी, काठ दाबलेले, चहूबाजूंनी बंद. सवयीनं अपूर्वानं सुरी उचलली आणि आईकडं पाहून परत ठेवली. मग तिनं एक पाई दोन्ही हातांनी धरली आणि मोडली. आतून वाफ निघाली, पुरण बोटांवर आलं. “हाय हाय,” म्हणत ती बोटं चाटायला लागली, लहानपणी चाटायची तशी.

कुसुमबाईंनी अर्धी पाई खाल्ली, मान डोलावली आणि बोटं पुसत मुद्द्यावर आल्या. “बरं, मले एक समजून नाई राह्यलं. हे भाऊ म्हणले, जावायाले रजा नाही म्हणून पोरगी एकटी आली. तुमी म्हणल्या, व्हिसाचे कागद अडकले. मंग आषाढात म्हणल्या, आता पंचमी करूनच जाईल. आज पंचमी तं झाली. न्यायले कवा येऊन राह्यले जावई?”

तिन्ही थापा अशा एका ओळीत मांडल्या की त्यांची एकमेकींशी ओळखही नव्हती, हे कोणालाही दिसलं असतं. भगवंतरावांनी तोंड उघडलं. चौथी थाप येणार, हे सुभद्राबाईंना त्यांच्या घशाच्या हालचालीवरून कळलं. अपूर्वानं चाटायचं थांबवलं होतं. ती कुसुमबाईंकडं पाहत नव्हती, बापाकडंही नाही. ती आईकडं पाहत होती. ती शाळेतून उशिरा आली की दारात उभी राहून पाहायची, आत येऊ का, तसं.

सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर पुरणाचा हात ठेवला.

“न्यायले कोणी येत नाही, कुसुमबाई,” त्या म्हणाल्या. “अन् आमची अपूर्वा परत जात नाही. ती आता इथंच राहणार हाय.”