निकिता शिबिराला गेली तेव्हा

खडकीच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या समाधानने मुलीच्या शिबिराला दोनदा नकार कळवला होता. निकिता सातवीत होती. तिची आई हेमा दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली, आणि तेव्हापासून त्याने मुलीला एक दिवसही नजरेआड केलं नव्हतं. शेवटी वर्गशिक्षिका शालन मॅडमचा फोन आला.

"खडकवासल्याच्या पुढं, तीनच दिवस. अहो, ती वर्गात कुणाशी बोलत नाही. जरा मोकळी होईल."

"घरी बोलते की," समाधान म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की घरीही ती 'जेवायला चला' आणि 'इथं सही करा' एवढंच बोलते. त्यानं सही केली.

शुक्रवारी सकाळी बस गेली. संध्याकाळी तो ड्यूटीवरून क्वार्टरवर आला. एरवी बेल वाजवली की दार उघडायचं; आज किल्ली कुठल्या खिशात आहे तेच त्याला आठवेना. ओट्यापाशी उभ्यानंच तो जेवला. टीव्ही लावला, पण काय चाललंय ते डोक्यात शिरेना.

शनिवारी सुट्टी होती. दुपारी तो खडकी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला. शेजारचे श्यामसुंदर दिसले. "कुणाला घ्यायला आलात?"

"नाही, असाच."

जायचं कुठंच नव्हतं. तिथं माणसांचा आवाज तरी होता. शाळेच्या ग्रुपवर फोटो आले. एकात तंबूची दोरी ओढणारी निकिता पाठमोरी दिसत होती. चेहरा दिसेल या आशेनं त्यानं फोटो इतका मोठा केला, की नुसते रंगाचे ठिपके उरले.

रविवारी निकिता उतरली ती उन्हानं रापून, घसा बसवून. घरी जेवताना ती आपणहून म्हणाली, "टेकडी चढताना दुसऱ्या शाळेतल्या अवनीनं विचारलं, तुझी आई काय करते. मी म्हटलं, ती नाहीये. तर म्हणाली, कशी होती? पप्पा, असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं."

समाधानचा घास हातातच राहिला. तीन दिवसांच्या ओळखीच्या पोरीला ते सुचलं होतं.

"मला का नाही सांगितलंस काही?"

"तुमच्यासमोर आईचं काढलं की तुम्ही उठून बाहेर जाता."

आत्ताही तो उठायच्याच बेतात होता. तो बसून राहिला.

"काय सांगितलंस तिला?"

"आई पोळ्या लाटताना शिट्टी वाजवायची ते."

"शिट्टी? हेमा?"

"तुम्ही ड्यूटीवर असायचात ना तेव्हा," निकिता समजुतीनं म्हणाली. तिनं तो सूर काढून पाहिला, पण बसलेल्या घशातून नुसती हवा आली. मग ती सांगत राहिली. त्यातलं निम्मं समाधानला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं ज्या घरात तो राहिला, त्या घराबद्दल तो पाहुण्यासारखा ऐकत होता. त्याचा खरकटा हात वाळून गेला.

"पुढच्या वर्षी पाच दिवसांचं आहे म्हणे," ताट उचलताना ती म्हणाली.

"जा. पण तारखा आधी सांग," समाधान म्हणाला. "त्या दिवसांत जादा ड्यूटी मागून घेईन."