केशरी डोक्याचा दगड

आमच्या घरात देव नाही. सासऱ्यांच्या आईने बौद्ध धम्म घेतला तेव्हा देव ओढ्यात सोडले, ते सोडलेच. पण पाट्या आहेत. माझा नवरा प्रवीण बीडच्या कोर्टात कारकून. रस्ते रुंद होताना काढून टाकलेल्या जुन्या पाट्या तो भंगारातून उचलून आणतो, खरवडतो, रंगवतो. ‘पुढे शाळा आहे’ मोरीजवळ, ‘हॉर्न वाजवा’ स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि चौकातला बंद पडलेला सिग्नल पलंगाखाली. मी नेकनूरच्या शाळेत दिवसभर पोरांना गप्प बसवते आणि घरी येऊन ‘हॉर्न वाजवा’ वाचते. डोकं फिरतं माझं.

दगड आणला तेव्हा मात्र मी एका शब्दाने बोलले नाही.

माझे सासरे बन्सी, मी त्यांना मामा म्हणते. जन्मभर रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडाला चुना द्यायचा आणि दुपारी त्याच दगडाला पाठ टेकून भाकरी खायची. आता त्यांना माझं नाव आठवत नाही, दगड आठवतो. रस्ता मोठा झाला आणि दगड कडेच्या नालीत गेला. मामा उठले की तिकडे चालायला लागायचे. एकदा ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. मग प्रवीणने टेम्पो करून दगड आणला आणि फाटकासमोर रोवला.

मामांचं जाणं थांबलं. सकाळी दगडाला पाठ टेकून बसायचे, भाकरीही तिथेच मागायचे. मला इतकं हायसं वाटलं की पाट्यांवरून कटकट करणंही सोडलं.

पण ह्या माणसाला राहवेल तर ना. माणूस टेकतोय, टेकू दे की. नाही. दगड ‘मूळ रूपात’ आणायचा होता. त्याने खरवडला, पांढरा केला आणि डोकं केशरी रंगवलं.

“नुसता चुना दे रं,” मामा म्हणाले.

“आबा, तेव्हा हा गावरस्ता होता. गावरस्त्याच्या दगडाचं डोकं केशरीच असतं. नियम आहे तसा.”

ज्यांनी जन्मभर त्या दगडाला चुना दिला त्यांना हा नियम सांगत होता. अक्षरं रविवारी काढू, तोवर रंग वाळू दे, म्हणून मामांना घरात बसवून ठेवलं.

शनिवारी सकाळी दार उघडलं, तर दगडाच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ, डोक्यावर तेल आणि पुढे फुटलेला नारळ.

पहाटे ऊसतोडीची टोळी निघाली होती. वेशीवरच्या मारुतीला नारळ फोडल्याशिवाय आमच्या गावातून टोळीचा ट्रॅक्टर हलत नाही. तो मारुतीही रस्ता रुंद होताना हलवला, आता पार आत देवळात आहे. आणि वेशीवरचं शेवटचं घर आमचं. अंधारात केशरी डोकं दिसलं, अक्षर एकही नाही. मारुती परत वेशीवर आला असं समजून त्यांनी हात जोडले.

रविवारी प्रवीण ब्रश घेऊन बाहेर आला, तर शेजारच्या कौशल्याबाई तेलाची वाटी घेऊन उभ्या.

“मावशी, हा रस्त्याचा दगड आहे. मी रंगवलाय.”

“मला ठाव हाय. तू रंगवताना म्या पाह्यलं न्हाई का? पर माझ्या रामेश्वरला ठाव न्हाई. सुनेला, करिष्माला, सातवा महिना हाय. कर्नाटकात कोयता चालवायला गेलेत दोघं, ह्येला नारळ फोडून. लेकरं येऊस्तोर राहू दे. तिकडं काय झालं तर मी कुणाला पुसू?”

रोज कायद्याची कागदं वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याने रंगाचा डबा बंद केला. हातातला ब्रश वाळून गेला. मला राग आला होता, पण तो काढायचा कोणावर? त्या बाईवर काढता येत नव्हता. पोटातल्या लेकरावर तर नाहीच.

“आणि आमच्या मामांनी कुठं टेकायचं?” मी विचारलं.

“टेकू द्या की. बन्सीदादाचाच दगड हाय.”

त्यांनी मनापासून सांगितलं. मी मामांना हाताला धरून बाहेर आणलं.

मामांनी माळ पाहिली, नारळ पाहिला. माझा हात सोडवून मागे सरले आणि रस्त्याच्या पलीकडे धुळीत बसले. कुणी काही बोललं नव्हतं. त्यांची सावली दगडाकडे पडत होती, म्हणून आणखी बाजूला सरकले. सगळं विसरले, हे कसं नाही विसरले?

“बन्सीदादा, इतकं लांब का म्हून बसलाव?” कौशल्याबाईंनी वाटी खाली ठेवली. “या की हिकडं.”

मामा आणखी मागे सरकले.

सोमवारपासून ते पुन्हा मोठ्या रस्त्याला जायला लागले. दाराला कडी लावली तर दारावर डोकं आपटतात. शाळा सुटली की मी आधी तिकडेच पळते. जिथून दगड उचलला त्या नालीच्या कडेला बसलेले असतात, पाठीला टेकायला काही नाही, अगदी अंगाला चाटून ट्रक जातात.

“मामा, घरी चला. तुमचा दगड घरीच आहे.”

“त्यो देव हाय, बाई,” ते म्हणतात. “माझा दगड हितं होता.”