खिंडीतलं गाव

त्याने स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची फरफटत आणून संगणकापुढे ठेवली आणि 'नवा डाव'वर टिचकी मारली. नकाशा केवढा हवा, असं यंत्राने विचारलं. आजवर तो आणि बायको मधला नकाशा घ्यायचे. त्याने सगळ्यात मोठा निवडला.

"ये गं," त्याने आत हाक मारली. "गाडी यायला वेळ आहे अजून. एक डाव होऊन जाऊ दे."

बायको शेवटच्या पिशवीची चेन ओढत होती. ती अडकली होती बहुतेक. दोनदा करकर ऐकू आली, मग थांबली.

"आत्ता?"

"मग कधी?"

ती दारात येऊन उभी राहिली. पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"एवढा मोठा नकाशा?"

"हात लागला चुकून," तो म्हणाला.

ती नर्स होती. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला वॉर्डची प्रमुख म्हणून बोलावलं होतं आणि उद्या सकाळी तिला तिथे हजर व्हायचं होतं. नोकरीसाठी माणसं गावं बदलतात, त्यात एवढं काय, असं तो लिफ्टच्या कंपनीतल्या मित्रांना चार दिवस सांगत होता. पण शिवणयंत्र तिने आधीच पाठवून दिलं होतं, आणि घराच्या किल्ल्या सकाळी जुडग्यातून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. सुट्टीला परत येणारं माणूस किल्ल्या काढून ठेवत नाही. एवढं कळायला लिफ्टच्या मेकॅनिकला शिकवणी लावावी लागत नाही.

थांब म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. थांब म्हटलं तर ती 'का?' असं विचारणार, आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. होता तो एक नियम. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी डाव रंगात असताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ती उठून गेली आणि मग कितीतरी दिवस घरात भांड्यांशिवाय कोणी बोललं नाही. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं : काहीही होवो, अर्धा डाव टाकून उठायचं नाही. पुढे हा नियम त्याने सोयीनुसार मोडला. तिने कधीच नाही. अंगात ताप असताना, ड्यूटीला उशीर होत असताना, त्याचं तोंडही बघावंसं वाटत नसताना ती डाव संपेपर्यंत बसली होती. आज गाडी चुकली की उद्याची हजेरी चुकणार; ती चुकली की ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्याने ती काडी दोन्ही हातांनी धरली होती.

ती बसली. पिशवी पायाशी ठेवली.

खेळ दोघांना तोंडपाठ होता. अनोळखी मुलखात प्रत्येकाला माणसांचा एक तांडा मिळतो. जागा हेरून तांड्याचं गाव वसवायचं. गाव भरलं की त्यातूनच नवा तांडा काढून पुढे पाठवायचा. चाल एकाची, मग दुसऱ्याची. सुरुवातीला ज्याने जागा धरल्या त्याने राज्य धरलं.

त्याने पहिल्याच चालीत नदीकाठी गाव वसवलं. उगाच हिंडत बसणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग होता. शिवाय तिचा तांडाही नदीच्या अलीकडेच उभा होता. दरवेळी तसंच व्हायचं. तो चांगली जागा धरायचा आणि ती त्याच्याशेजारी उरलेल्या जागेत गाव मांडायची.

तिने तांडा एक घर पूर्वेला सरकवला आणि माऊस त्याच्याकडे दिला.

"अगं, वसव की! शेजारी एवढं गवताळ रान पडलंय."

"बघते जरा पुढे."

पुढच्या चालीला ती आणखी पूर्वेला गेली. त्याच्या पुढच्यालाही. तिच्याकडे ना गाव, ना धान्य, ना एखादा भालेवाला. तिच्या वाटेवर धुकं सरकत होतं, खालून डोंगराची रांग दिसू लागली होती आणि त्या रांगेत एक अरुंद खिंड.

"वेडी आहेस का? इतक्या चाली फुकट! लुटारू आले तर तांडाच उचलून नेतील. डाव खलास होईल तुझा."

"हो ना," ती म्हणाली.

ती ते इतक्या सहज म्हणाली की तिचा बेत त्याच्या लक्षात आला. तिला नियम मोडायचाच नव्हता. गाव नाही, तांडा गेला, की खेळाडू बाद, डाव संपला. संपलेल्या डावावरून कोणीही उठू शकतं. तो ज्या काडीला लोंबकळत होता ती तिने दुसऱ्या टोकाला हळूच पेटवून ठेवली होती.

मग त्याला काही सुधरेना. त्याने अजून पुरतं न भरलेलं नदीकाठचं गाव रिकामं करून एक तांडा काढला, लगोलग दुसरा काढला. गावाची वाढ खुंटली, माणसं कुरकुरू लागली, वेशीवर पहारेकरी उरला नाही. कोणी नवशिक्याने हे केलं असतं तर त्याने त्याची बिनपाण्याने केली असती. एक तांडा टेकडीवर टाकला. दुसरा जिवाच्या आकांताने पळवत तिच्या आधी खिंडीत नेला आणि तिथे, दगडांत, गाव वसवलं. पाणी नाही, पीक नाही. गावाच्या नावाखाली लगेच उपासमारीची लाल खूण उमटली. पण गावाभोवती त्याची हद्द आखली गेली, ती त्याच्या परवानगीशिवाय तिला ओलांडता येणार नव्हती. खिंड बंद झाली; आता तिला नदीकडे वळावंच लागणार होतं.

तिचा तांडा हद्दीशी येऊन थांबला.

"इथे काय पिकणार आहे तुझं?"

"काही नाही."

"मग?"

टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका तो नखाने दाबत राहिला.

"वाट देतोस?" तिने विचारलं.

"परत ये ना इकडे. नदी आहे, रान आहे. इतकी वर्षं शेजारीच तर वसवतेस."

"इतकी वर्षं तू आधी बसतोस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कंपनीने तुला बंदराच्या गावी पाठवलं, आपण गेलो. मग खाणीच्या गावी. मग इथे. दरवेळी मी जाऊन विचारायचं, रात्रपाळीला कोणी हवंय का."

"तू कधी नको म्हणाली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लुटारूंचे काळे झेंडे दिसले. दोन टोळ्या होत्या, आणि त्या तांड्याच्या मागावर होत्या. तिने तांडा हलवला नाही. चाल संपवली. तो घामाघूम झाला. हसू येईल अशी गोष्ट होती खरी. पन्नाशीला टेकलेला माणूस पडद्यावरच्या नखाएवढ्या बैलगाड्यांसाठी रडकुंडीला आला होता. त्याच्या हातात एकच गोष्ट उरली होती. त्याने हद्द खुली केली.

"जा. लवकर जा."

मग तिने तांडा खिंडीत घातला आणि पलीकडे काढला. लुटारू खिंडीतल्या गावावर अडले आणि त्यांनी ते जाळलं. त्याने तिकडे बघितलंही नाही.

डोंगरापलीकडे समुद्र होता. वळणदार खाडी, मुखाशी नदी, पाण्यात माशांच्या खुणा आणि मागे एक बुटकी टेकडी, पाठराखणीला. इतकी चांगली जागा त्याने इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तिने तिथे गाव वसवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"दुसरं इथे नको," ती स्वतःशीच बोलायला लागली. "इथे दाटी होईल. आधी होडी. होडी केली की ती बेटं धरता येतील. टेकडीवर फक्त एक भालेवाला बसवायचा, खिंड त्याला एकट्याला राखता येईल... ए, बघ ना, मला तुझ्याकडचे दगड लागतील, मी मासे देईन."

केस कानामागे टाकत ती पडद्यात शिरली होती. असं तिला त्याने शेवटचं कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना. आपण हिला किती वर्षं बघितलंच नाही, असं त्याला वाटलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

तिने मान वर केली नाही. पुन्हा वाजला. मग तिचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "हो, आहे मी," आणि फोन मांडीवर ठेवला. एक हात माऊसवर होता. दुसऱ्या हाताने तिने पिशवीचा पट्टा धरला होता आणि खालचा ओठ दातांत.

डाव आता आख्ख्या रात्रीचा झाला होता. त्याला हवं होतं ते झालं होतं. ती बसून राहणार, गाडी निघून जाणार, जागा जाणार. आणि उद्यापासून ती इथेच असणार, नियमाने बांधलेली. त्याला खिंडीत ती लाल खूण दिसत होती, गाव जळून गेलं तरी. असं धरून ठेवण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं.

त्याने हात लांबवून तिच्या हाताखालचा माऊस काढून घेतला. यादी उघडली, अगदी तळाशी गेला. 'शरणागती'. नक्की का, असं यंत्राने विचारलं. त्याने 'हो' दाबलं.

पडद्यावर आतषबाजी सुरू झाली. तिच्या एकुलत्या एका गावावर विजयाचं निशाण चढलं.

"झालं," तो म्हणाला. "डाव संपला. तू जिंकलीस. ऊठ आता, गाडी जाईल."

ती आतषबाजीकडे बघत राहिली. तिचा हात टेबलावर तसाच होता, रिकाम्या जागेवर बोटं वाकवून.

"माझी चाल होती," ती म्हणाली.

"गाडी उभी आहे खाली."

"माहीत आहे मला. मी विचार करत होते."

"कसला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे त्याला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विचारावंसं वाटलं.

"काय ठरवत होतीस?" त्याने विचारलं. "सांग ना. काय करणार होतीस?"

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. तिने फोन पर्समध्ये टाकला, पिशवी उचलली. ती घ्यायला तो पुढे झाला, पण तिने हात बदलला.

"आता ठरलं की," ती म्हणाली, आणि बाहेर पडून दार तिनेच ओढून घेतलं.